उजेडाच्या दोन पट्ट्या : एअर पिस्तूलची मागची साइट निवडताना

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला एक फोटो जगभर फिरला. तुर्कीचा युसुफ डिकेच, अंगात टी-शर्ट, डोळ्यांवर रोजचा चष्मा, एक हात खिशात आणि दुसऱ्या हातात एअर पिस्तूल. शेव्वाल इलायदा तऱ्हानसोबत त्याने १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळवलं. याच प्रकारात मनू भाकर आणि सरबजोत सिंग यांनी कांस्य जिंकलं. बाकीचे बरेच नेमबाज डोळ्यांवर झापडं आणि भिंगं लावून उभे, आणि हा गृहस्थ जणू कोपऱ्यावर पेपर आणायला निघालेला! मग काय, 'कसलंही साधन न वापरता पदक' अशी वाक्यं लोकांनी एकमेकांना पाठवली.

त्यातला खिशातला हात ही काही त्याची खासियत नव्हे. पिस्तूल एका हाताने धरायचं असतं, दुसरा हात लोंबकळत राहिला तर अंग हलतं, म्हणून जवळपास सगळेच तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवतात. आणि साधन तर त्याच्याकडे होतंच. ते पिस्तुलाच्या मागच्या टोकाला, वरच्या बाजूला होतं: चौकोनी खाच पाडलेलं एक काळं पान, म्हणजेच मागची साइट. फोटोत ते दिसतही नाही, पण डिकेच पाहत होता तो त्यातूनच.

त्या फोटोनंतर ओळखीतल्या दोघातिघांनी एअर पिस्तूल हातात घेतलं, आणि प्रत्येकाचा प्रश्न थोड्याफार फरकाने तोच. 'मागची साइट ॲडजस्टेबल आहे असं लिहिलंय. म्हणजे झालं ना?' झालं नाही. 'ॲडजस्टेबल' या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं लपलेली असतात. पहिलं काम छर्रा सरकवण्याचं, म्हणजे तो टार्गेटवर जिथे पडतो ती जागा बदलण्याचं; दुसरं डोळ्यासमोरचं चित्र जुळवण्याचं. माणसं पहिल्या कामाकडे बघून साइट घेतात आणि पुढे वर्षभर दुसऱ्यापायी अडतात.

## आधी नावं सांगून टाकू

नळीच्या पुढच्या टोकाला एक उभा, सपाट माथ्याचा ठोकळा असतो, ती फ्रंट साइट. मागच्या टोकाला खाच असलेलं पान असतं, ती रिअर साइट. त्या पानाला ब्लेड म्हणतात. या दोन्हींमधल्या अंतराला साइट रेडिअस म्हणतात. स्पर्धेच्या एअर पिस्तूलवर ते साधारण ३० ते ३६ सेंटिमीटर असतं. या जोडीला 'आयर्न साइट' म्हणायची पद्धत आहे, पण त्यात लोखंड असायलाच हवं असं नाही. ॲल्युमिनियमही असतं. काच नाही, वीज नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ.

आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर पिस्तूलला एवढीच मुभा आहे. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगरचा ताण किमान ५०० ग्रॅम, आणि सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. साइट उघडीच हवी. दुर्बीण, आरसा, लेसर काही नाही, आणि साइटवर ऊन-उजेड अडवणारं झाकणसुद्धा नाही. १९८८ मध्ये सोलला हा प्रकार पुरुष आणि महिला दोघांसाठी ऑलिंपिकमध्ये आला. तेव्हापासून पिस्तुलं पार बदलली. स्प्रिंग गेली, दाबलेल्या हवेची नळकांडी आली, ट्रिगर इलेक्ट्रॉनिक झाले. खाच आणि ठोकळा मात्र होते तसेच आहेत.

## डोळ्याला नेमकं काय दिसतं?

बंद दाराच्या दोन्ही कडांतून पलीकडच्या खोलीतला उजेड येतोय असं समजा. एका बाजूची फट जरा मोठी असली, तर मोजपट्टी न लावता तुम्ही सांगता की दार बिजागरीत सरकलंय. भिंतीवरची तसबीर चौकटीत थोडी डावीकडे बसली असेल तर तेही असंच खुपतं. डाव्याउजव्याची बरोबरी ओळखणं हे डोळ्याचं उपजत कसब आहे, आणि रिअर साइटचा सगळा धंदा त्यावर चालतो.

मागच्या खाचेतून बघितलं की पुढचा ठोकळा मधोमध उभा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाची एकेक उभी पट्टी उरते. दोन्ही पट्ट्या सारख्या असल्या की डावं-उजवं बरोबर. ठोकळ्याचा माथा आणि ब्लेडची वरची कड एका ओळीत आली की वर-खाली बरोबर. हे जुळलेलं चित्र टार्गेटच्या काळ्या गोलाच्या खाली धरायचं. गोलाच्या मध्यावर धरायचं नाही. काळ्यावर काळं धरलं तर ठोकळ्याचा माथा कुठे संपतो हेच कळत नाही.

नवशिक्याला इथे पहिला धक्का बसतो, कारण या चित्रात तीन वस्तू तीन अंतरांवर आहेत आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहू शकतो. स्पष्ट दिसायला हवी ती फ्रंट साइट. खाच थोडी धूसर दिसणार, टार्गेट चांगलंच धूसर दिसणार, आणि ते तसंच राहू द्यायचं. मन मात्र टार्गेटकडे धावतं, कारण गुण तिथे छापलेले असतात.

## तीसचा पाढा

शाळेत कोनमापकाने कोन काढताना पेन्सिल जरा सरकली, तर कोपऱ्यात काही कळायचं नाही. पण रेघ वहीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत बोटभर चुकलेली असायची. इथे तेच होतं. साइट रेडिअस ३३० मिलिमीटर धरा. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे १०,००० मिलिमीटरवर. भागाकार करा: साधारण ३०. ठोकळा खाचेत जेवढा चुकीचा बसेल, त्याच्या तीसपट चूक टार्गेटवर उमटते.

आता टार्गेट बघा. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. छर्रा रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा. ८ भागिले ३०, म्हणजे पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. ठोकळा खाचेत तेवढा सरकला की दहाचे नऊ झाले.

उलट, जुळलेलं चित्र न बिघडवता सगळा हातच ५ मिलिमीटर खाली गेला, तर छर्राही ५ मिलिमीटरच खाली जातो आणि दहा शाबूत राहतात. म्हणून अनुभवी नेमबाज हात हलतोय याची फारशी फिकीर करत नाहीत, पट्ट्या बिघडल्या तर मात्र गोळी न सोडता हात खाली घेतात. मागची साइट निवडताना हा तीसचा पाढा डोक्यात ठेवा. पुढचं जवळपास सगळं त्यातूनच निघतं.

## काम पहिलं : छर्रा सरकवणं

साइटवर दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करायला, एक डाव्या-उजव्या बाजूला. फिरवले की टिक्‌ टिक्‌ आवाज येतो. ते क्लिक. नियम सोपा आहे: छर्रा जिकडे न्यायचाय तिकडे रिअर साइट न्या. छर्रे डावीकडे पडतायत? साइट उजवीकडे. खाली पडतायत? साइट वर.

क्लिकची किंमत कशी काढायची ते एका उदाहरणात बघू. स्क्रूच्या एका फेऱ्यात ब्लेड अर्धा मिलिमीटर सरकतं आणि एका फेऱ्यात दहा क्लिक आहेत असं धरा. एका क्लिकला ०.०५ मिलिमीटर. गुणिले ३०, म्हणजे टार्गेटवर दीड मिलिमीटर. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर, तेव्हा हा क्लिक जेमतेम दोन दशांशांचा झाला. छानच. पण एका क्लिकला ५ मिलिमीटर सरकणारी साइट असेल तर ग्रुप कधी मध्याच्या या अंगाला, कधी त्या अंगाला, मध्यावर काही बसत नाही. (ग्रुप म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या पाच-दहा छर्ऱ्यांचा पुंजका.)

मग कंपन्या क्लिक आणखी बारीक का करत नाहीत? करतात, पण बारीक क्लिकपेक्षा खात्रीचा क्लिक जास्त मोलाचा. स्क्रूच्या आट्यांत थोडी ढिलाई असतेच. दिशा बदलली की पहिला अर्धा क्लिक ती ढिलाई भरून काढण्यात जातो आणि ब्लेड जागचं हलत नाही. यावर जुना उपाय आहे: दोन क्लिक पुढे जा, दोन क्लिक मागे या, म्हणजे नेहमी एकाच बाजूने थांबता.

स्क्रूवरच्या अक्षरांवर मात्र आंधळा विश्वास नको. जर्मन बनावटीवर वर-खालीसाठी एच आणि टी ही अक्षरं दिसतात. एच म्हणजे होख, उंच. टी म्हणजे टीफ, खोल. आता 'आर' आणि बाण काढला असेल तर त्याचा अर्थ 'इकडे फिरवलंत की छर्रा उजवीकडे जाईल' असाही असतो, आणि काही बनावटींवर 'छर्रा उजवीकडे पडत असेल तर इकडे फिरवा' असाही. दोन्ही अर्थ एकमेकांच्या बरोबर उलट! मी एकदा अख्खी दुपार उजवीकडचा ग्रुप आणखी उजवीकडे ढकलत होतो, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की अजून दोन क्लिक कमी पडतायत. पाच छर्रे मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा. ग्रुप कुठे गेला ते पाहा आणि स्क्रूशेजारी आपल्या हाताने खूण करा.

## काम दुसरं : खाच आपल्या डोळ्याला बसवणं

हा लेख खरं तर याच भागासाठी लिहिलाय.

जाहिरातीत 'ॲडजस्टेबल रिअर साइट' असं लिहिलेल्या पुष्कळ साइट फक्त सरकतात. त्यांची खाच कारखान्यात पाडली तेवढीच राहते. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, पार्दिनी यांच्या स्पर्धेच्या पिस्तुलांवर खाचेची रुंदी बदलण्याची सोय देतात. कुठे दोन पानं स्क्रूने जवळ-लांब होतात, कुठे वेगळ्या रुंदीचं ब्लेड बसवता येतं. काहींत खोलीही बदलते.

रुंदीचा फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. हात ताणून धरल्यावर डोळ्यापासून मागची साइट ६५ सेंटिमीटरवर आणि पुढची ९८ सेंटिमीटरवर आहे असं धरू. पुढचा ठोकळा ४.५ मिलिमीटर रुंद. लांबची वस्तू लहान दिसते, म्हणून हा ठोकळा खाचेच्या पातळीवर ३ मिलिमीटरचाच भासतो. खाच ३ मिलिमीटरची असेल तर ठोकळा तिला बुचासारखा बंद करतो आणि उजेड शून्य. खाच ४ ची केली तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर उजेड. ५ ची केली तर एकेक मिलिमीटर, म्हणजे ठोकळ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी पट्टी. सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे.

हाताची लांबी बदलली की हे सगळे आकडे बदलतात, ठोकळा वेगळा लावला तरी बदलतात. दुसऱ्याच्या पिस्तुलातून पाहिलं की चित्र परकं वाटतं ते यामुळेच, आणि 'अमुक विजेत्याची खाच इतक्या मिलिमीटरची' हे ऐकून तशीच लावण्यात अर्थ नसतो तोही यामुळेच.

खोलीचं एवढं नाही. पट्ट्या पुरेशा उंच दिसाव्यात, उभट आयतासारख्या. खाच फार उथळ असली तर त्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि मग बरोबरी जोखणं अवघड जातं.

आकार चौकोनीच हवा. इंग्रजी यू किंवा व्ही आकाराच्या खाचा जुन्या पिस्तुलांवर दिसतात. व्हीमध्ये पट्टी वर रुंद आणि खाली निमुळती होते, तुलना करायला सरळ कडच सापडत नाही. हिरवे-लाल चमकणारे ठिपके असलेल्या साइट झटपट नेम धरायला ठीक आहेत. टार्गेटसाठी मला त्या अडचणीच्या वाटतात. डोळा ठिपक्यावर जाऊन बसतो, आणि आपल्याला हवी असते ठोकळ्याच्या माथ्याची धारदार कड.

## 'खाच जितकी अरुंद, तितका नेम पक्का ना?'

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यामागचं तर्कशास्त्र चुकीचं वाटतही नाही. पट्ट्या बारीक असल्या तर थोडाही फरक लगेच दिसेल, असा तो विचार. कागदावर खरं आहे. हातात पिस्तूल घेऊन उभं राहिल्यावर तीन गोष्टी आड येतात.

एक तर खाच धूसर दिसते. धूसरपणा म्हणजे कडेची राखाडी किनार, आणि ती पट्टीचा काही भाग गिळते. कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी प्रत्यक्षात कधी दिसते, कधी विझते. दुसरं, उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किनार आणखी पसरते. उजळ हॉलमध्ये जुळवलेली अरुंद खाच मंद हॉलमध्ये बंद झाल्यासारखी वाटते.

तिसरी गोष्ट मनाची आहे, आणि माझ्या मते सर्वांत घातक. बारीक पट्टीत हाताचं प्रत्येक हलणं मोठं दिसतं. मग माणूस तपासत बसतो. डावी बरोबर आहे? उजवी? पुन्हा डावी? तोवर दहा सेकंद होतात, श्वास संपतो, डोळ्यासमोर चित्र गोठून राहतं आणि ट्रिगर दाबायऐवजी ओढला जातो. पात्रता फेरीत ६० छर्रे मारायचे असतात, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर सव्वा तासात. इतका वेळ सुईत दोरा ओवायचा म्हटलं तर चाळिसाव्या छर्ऱ्याला डोळे हात टेकतात.

रुंद पट्ट्यांतही डोळा बरोबर मध्य काढतो. तसबिरीचं उदाहरण आठवा. तेव्हा आधी रुंद लावा, पंधरा दिवस तसंच खेळा आणि मग वाटलं तर थोडी आवळा. अगदी उलट टोकाला जाऊन खाच इतकी रुंद केली की ठोकळा खोलीत ठेवलेल्या स्टुलासारखा कुठेही उभा दिसेल, तर तीही चूकच.

## 'मला फ्रंट साइट स्पष्ट दिसतच नाही'

मग आधी साइटवर खर्च करू नका, डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग जवळच्या वस्तूसाठी पहिल्यासारखं फुगत नाही. फ्रंट साइट साधारण एक मीटरवर आहे, म्हणजे धड लांब नाही, धड जवळही नाही. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी बनवलेला असतो, त्यातून ती धूसरच दिसणार. लांबचा चष्मा तिच्या पलीकडे पाहतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच भिंगात असतो तो) योग्य पट्टा सापडेपर्यंत मान वर-खाली होत राहते, आणि मान हलली की चित्र हललं.

उपाय बहुधा असा निघतो की लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण अधिक मिळवून नेमबाजीपुरता वेगळा चष्मा करायचा. तपासणीला जाताना 'मला एक मीटरवरची काळी कड धारदार दिसली पाहिजे' असं सांगा. चष्मा नेमबाजाच्या डोळ्यावर चालतो, भिंग पिस्तुलावर बसवलेलं चालत नाही. खाचेची रुंदी बदलायला घ्यायची ती हे झाल्यावर. धूसर ठोकळ्यासाठी जुळवलेली खाच चष्मा बदलल्यावर परत जुळवावीच लागते.

## हातात घेऊन काय बघायचं

साइटला हात लावण्याआधी पिस्तूल रिकामं आहे ना, तोंड सुरक्षित दिशेला आहे ना, हे बघा. दर वेळी.

मग अंगठ्याच्या नखाने ब्लेड हलकेच डावी-उजवीकडे रेटा. हललं नाही पाहिजे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. मी एकदा जुनी साइट काढून नवी बसवली. क्लिक इतके खणखणीत की घड्याळाला चावी देतोय असं वाटावं. महिनाभर झकास चाललं. मग अधूनमधून एखादा छर्रा उगाच डावीकडे जायला लागला. मी ट्रिगरवरच्या बोटाला दोष दिला, पकड बदलली, मुठीच्या लाकडाला कानस लावली. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क नेमबाजाने पिस्तूल घेतलं, नख लावलं आणि न बोलता मला दाखवलं. ब्लेड केसभर हलत होतं. तळाची स्प्रिंग मेली होती. केसभर म्हणजे किती? ०.२ मिलिमीटर म्हणा. गुणिले ३०. सहा मिलिमीटर. मुठीचं कानशीने गेलेलं लाकूड अर्थातच परत आलं नाही.

दुसरी तपासणी उजेडाची. ब्लेडची तुमच्याकडची बाजू पूर्ण काळी आणि खरखरीत असावी, चकचकीत नको. चांगल्या ब्लेडचा पृष्ठभाग किंचित तिरपा असतो, म्हणजे छताच्या दिव्याचा झोत डोळ्यात परत येत नाही. डोक्यावर दिवा ठेवून खाचेच्या कडा बघा. एक कड चमकली तर त्या बाजूची पट्टी मोठी भासते आणि ग्रुप सरकतो, मग तुम्ही क्लिक फिरवत बसता आणि दुसऱ्या हॉलमध्ये सगळं उलटं होतं. जुने लोक साइटखाली कापूर जाळून काजळी धरतात. नवीन साइटलाही तो उपाय लागू पडतो, फक्त बोट लागलं की काजळी गेली.

तिसरी, टार्गेटवरची चौकटीची परीक्षा. पाच छर्रे मारा. दहा क्लिक वर, पाच छर्रे. दहा क्लिक उजवीकडे, पाच. दहा खाली, पाच. दहा डावीकडे, पाच. शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन पडला पाहिजे आणि चार ग्रुपांचा चौकोन सरळ दिसला पाहिजे. चौकोन तिरपा आला तर साइट किंवा तुमचं मनगट कललेलं आहे. हात अजून स्थिर नसेल तर ही परीक्षा मनगट टेकवून करा.

आणि साइट विकत घेण्याआधी ती तुमच्या पिस्तुलावर बसते का ते मोजून घ्या. एका बनावटीचा पाया दुसऱ्याला क्वचितच बसतो. उंचीही बघा. मागची साइट उंच आणि पुढची ठेंगणी झाली तर स्क्रू पार तळाला नेऊनही छर्रे वरच जातात.

## 'एकदा जुळवली की पुन्हा हात का लावायचा?'

कारण छर्रा कुठे पडेल हे एकट्या साइटवर ठरत नाही. छर्ऱ्याचा डबा बदलला, हवेचा दाब बदलला, मूठ घासली, की ग्रुप थोडा सरकतो. तुमची नेम धरण्याची जागा बदलली तर जास्तच. काळ्या गोलाचा व्यास ५९.५ मिलिमीटर. ठोकळ्याचा माथा गोलाच्या खालच्या कडेला टेकवून नेम धरलात तर छर्रा माथ्याच्या जवळपास ३ सेंटिमीटर वर पडायला हवा. मध्ये दीड सेंटिमीटर पांढरं सोडायची सवय असेल तर साडेचार. पुष्कळ नेमबाज असं पांढरं सोडतात, कारण काळ्याला नेमकं टेकवायच्या नादात डोळा टार्गेटकडे पळतो. हे साडेचार सेंटिमीटर भागिले ३० केले तर साइटवर जेमतेम दीड मिलिमीटर होतात. फिक्स्ड साइट असेल तर हा दीड मिलिमीटर तुमच्या नशिबावर सोडावा लागतो.

पण प्रत्येक छर्ऱ्यागणिक क्लिक फिरवणं हा रोग आहे. एक छर्रा उजवीकडे गेला म्हणून साइट हलवली, पुढचा डावीकडे गेला म्हणून परत आणली. हलत होता हात, शिक्षा झाली साइटला. किमान पाच, शक्यतो दहा छर्ऱ्यांचा ग्रुप बघा आणि त्याचा मध्य कुठे आहे ते पाहून मगच स्क्रूला हात लावा. आपल्या हाताने बिघडलेला आणि बिघडलाय हे सोडतानाच जाणवलेला छर्रा त्या हिशोबात धरू नका.

## 'साइट रेडिअस वाढवला तर?'

काही पिस्तुलांवर साइट पुढे-मागे सरकवता येतात. ३३० चे ३६० केले तर पाढा तीसचा अठ्ठावीसचा होतो, फायदा आहे पण थोडा. त्याबदल्यात हाताचं हलणं डोळ्याला जास्त दिसतं. नवशिक्याने मधे कुठेतरी ठेवावं आणि विसरून जावं.

## 'मग नवी साइट घेऊ का?'

बहुतेकांना मी थांबा म्हणतो. टेकवून मारलेला ग्रुप लहान आणि उभ्याने मारलेला बशीएवढा असेल, तर साइट निर्दोष आहे. फरक हात आणि ट्रिगरचा आहे, तो क्लिकने भरून निघत नाही. टेकवूनही ग्रुप विखुरलेला येत असेल तर आधी छर्रे बदलून बघा, मग ब्लेडला नख लावा.

ब्लेड घट्ट, क्लिक खात्रीचे, फक्त पट्ट्या डोळ्याला पटत नाहीत, अशी स्थिती असेल तर अख्खी साइट बदलण्याआधी नुसतं ब्लेड किंवा पुढचा ठोकळा वेगळ्या रुंदीचा मिळतो का बघा. अरुंद ठोकळा लावला तरी पट्ट्या रुंदावतात. तेही मिळत नसेल तर ब्लेड काढून, शिकंज्यात धरून, बारीक चौकोनी कानशीने खाच रुंद करता येते. दोन्ही बाजूंनी मोजून तेवढंच घासायचं, दर चार-पाच घासांनंतर बसवून बघायचं, आणि शेवटी कड काळी करायची. पहिला प्रयोग जादा ब्लेडवर करा, मूळ ब्लेड डबीत जपून ठेवा. माझ्या डबीत घासून वाया गेलेली तीन आहेत.